घरातल्या साध्या दुखण्यात प्रतिजैविक: कधी थांबावे, कधी धावावे

पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात सायंकाळी सहानंतर पाय ठेवायला जागा नसते. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हाती डॉक्टरांची चिठ्ठी नसते. मोबाइल असतो आणि त्यात मागच्या वर्षीच्या एखाद्या रिकाम्या स्ट्रिपचा फोटो असतो. “ताई, हीच तीनची स्ट्रिप द्या, मागच्या खेपेला हिनेच गुण आला होता,” असे म्हणत तो फोटो काउंटरवरून माझ्यापुढे धरला जातो. ती बहुतेक वेळा अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची ५०० मिलिग्रॅमची स्ट्रिप असते आणि दुखणे असते कालपासून वाहणारे नाक, खवखवणारा घसा आणि न मोजलेला ताप.

गेली एकोणीस वर्षे मी हे दुकान चालवते. मी डॉक्टर नाही, औषधनिर्माती आहे; त्यामुळे कोणते दुखणे कोणत्या औषधाने बरे करावे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण डॉक्टरांकडे जाण्याआधी घरात काय करावे, त्यांच्यासमोर काय विचारावे आणि हाती आलेले औषध कसे घ्यावे, या तीन ठिकाणी होणाऱ्या चुका मी रोज पाहते आणि त्या टाळता येण्याजोग्या आहेत.

दुखणे अंगावर काढू नये, ही आपल्या घराघरांतली शिकवण रास्तच आहे. मात्र गोळी न घेता दोन दिवस थांबायला सांगितले की लोकांना ते अंगावर काढणेच वाटते आणि घोटाळा इथे सुरू होतो. अंगावर काढणारा माणूस दुखण्याकडे पाठ फिरवतो. जाणतेपणाने वाट पाहणारा माणूस ते मोजतो, लिहून ठेवतो आणि कोणती खूण दिसताच उठून दवाखाना गाठायचा हे त्याला आधीपासून ठाऊक असते. पुढे जे लिहिले आहे ते अशी वाट कशी पाहावी याविषयी आहे.

आधी एवढे समजून घ्यावे

प्रतिजैविक, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ते औषध, जिवाणूंवर चालते. विषाणूंवर ते मुळीच चालत नाही. सर्दी, फ्लू, बहुतेक घसेदुखी, लहान मुलांचे बहुतेक जुलाब, डेंग्यू आणि चिकुनगुन्या ही विषाणूंची कामे आहेत. अशा दुखण्यात घेतलेली गोळी त्या विषाणूचा केसही वाकडा करत नाही. पण आपल्या आतड्यात, तोंडात आणि त्वचेवर नांदणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंवर मात्र तिचा मारा होतो. त्यांतले दुबळे मरतात, चिवट उरतात, आणि चिवटपणाचे हे जनुकीय सामान ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. एका कोर्सनंतर असे चिवट जिवाणू अंगात काही महिने, कधी वर्षभरही टिकून राहतात. या अवधीत त्याच माणसाला लघवीचा किंवा फुप्फुसाचा खरा संसर्ग झाला, तर नेहमीचे औषध लागू पडत नाही.

हा धोका नवा नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारल्यावर केलेल्या व्याख्यानात एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले होते. त्याचा घसा दुखतो, तो आपल्या मनाने पेनिसिलिन विकत घेतो, अपुरे घेतो. त्याच्या अंगात सरावलेले जंतू पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिनचा उपयोग न होता ती दगावते. त्या वेळी आपल्याकडे हे औषध बनतही नव्हते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी औषध कारखान्याची स्थापना १९५४ मध्ये झाली. एका शास्त्रज्ञांच्या गटाच्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली. फ्लेमिंग यांच्या उदाहरणातला तो घसा दुखणारा गृहस्थ आजही रोज सायंकाळी माझ्या काउंटरसमोर उभा असतो.

मग मागच्या खेपेला गुण कसा आला? सर्दी-तापाचा जोर साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. माणूस कंटाळून गोळी घेतो तीही त्याच सुमारास. चौथ्या दिवसापासून दुखणे आपल्या वाटेने उतरू लागते आणि यश मिळते ते गोळीला. घरात पुन्हा कोणी आजारी पडले की त्या गोळीचे नाव निघते.

वही आणि थर्मामीटर

घरात एक चालू स्थितीतला डिजिटल थर्मामीटर आणि एक साधी वही असावी. हाताच्या मागच्या बाजूने कपाळ चाचपून ताप ठरवू नये. दिवसातून तीन-चार वेळा, औषध देण्याआधी, ताप मोजावा आणि त्यासमोर वेळ, दिलेले औषध, किती वेळा लघवी झाली, खाणेपिणे किती झाले एवढे चार शब्द लिहावेत. डॉक्टरांना “तीन दिवसांपासून ताप आहे” या वाक्यापेक्षा या पानावरून पुष्कळ अधिक कळते: ताप रोज चढता आहे की उतरता, मध्ये उतरून पुन्हा आला का, ताप उतरल्यावर मूल खेळते का. ताप १०२ असूनही औषधाने उतरल्यावर खेळणाऱ्या मुलापेक्षा ताप १०० असून सुस्त पडलेल्या मुलाची काळजी अधिक करावी.

तापासाठी घरात पॅरासिटामॉल पुरेसे आहे, पण त्याच्या मात्रेत फार गल्लत होते, म्हणून इथे थोडे थांबते. मुलांना ते वयावर न देता वजनावर द्यायचे असते, एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅमपर्यंत, सहा-सहा तासांनी, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक वेळा नाही. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांपैकी एकीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत २५० मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत तर १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्या बाटलीतले ६ मिलिलिटर, दुसरीतले ३ आणि थेंबांचे दीड मिलिलिटर लागतात. मागच्या बाटलीचे माप नव्या बाटलीला लावल्याने औषध कमी पडते, ताप उतरत नाही आणि “आता अँटिबायोटिकच द्या” अशी निकड सुरू होते. किंवा ते दुप्पट जाते, जे यकृताला घातक आहे. बाटलीवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचावा आणि चहाच्या चमच्याऐवजी बाटलीसोबतचे माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी.

काही माणसांच्या बाबतीत मात्र वाट पाहूच नये. तीन महिन्यांच्या आतील बाळ, गर्भवती स्त्री, थकलेले वृद्ध, साखर आटोक्यात नसलेला मधुमेही, कर्करोगाचे उपचार किंवा डायलिसिस चालू असलेला रुग्ण आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा माणूस यांनी ताप येताच डॉक्टरांना दाखवावे.

सर्दी, खोकला आणि घसा

सर्दी सात ते दहा दिवस राहते. तिच्यामागून आलेला खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो आणि ते स्वाभाविक आहे. शेंबूड आधी पाण्यासारखा असतो, मग घट्ट होतो, मग पिवळा किंवा हिरवट. रंग बदलला की इन्फेक्शन वाढले असे समजून लोक दुकानात येतात. तो रंग शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. निव्वळ रंगावरून प्रतिजैविक घेण्याचे कारण नाही.

या दिवसांत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, गरम पेज किंवा कढण आणि झोप यांनी आराम पडतो. तान्ह्या बाळाचे नाक चोंदले असेल तर दूध पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब घालावेत. वर्षावरील मुलाला रात्री झोपताना अर्धा-एक चमचा मध द्यावा. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच चाटवू नये, मग आजीने कितीही आग्रह केला तरी. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलांना वाकवून वाफ देऊ नये, कारण पातेले कलंडून मुले भाजतात. सर्दीची क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असलेली मिश्र औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच दिला आहे.

खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया तर नाही ना, ही आईची भीती खरी असते आणि तिच्यावर घरात करता येण्याजोगी एक तपासणी आहे. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याचे बनियन वर करावे, पोटावर नजर ठेवावी आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण मुलांचा श्वास सारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, घेतलेले सारे उलटून पडत असेल, झटके आले असतील किंवा ते जागे होत नसेल, तर मोजत न बसता रुग्णालयात न्यावे. अशा वेळी प्रतिजैविक जीव वाचवते आणि त्यात तासांचाही उशीर नको.

मोठ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दहा दिवसांनंतरही नाक आणि गाल दुखणे तसेच असेल, किंवा उतार पडून पुन्हा ताप चढला असेल, तर दाखवावे. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा घरच्या वृद्ध माणसाच्या बोलण्यात विसंगती येऊ लागली असेल, तर लगेच दाखवावे. आणि सर्दीमागचा खोकला रेंगाळू शकत असला, तरी त्याला दोन आठवडे झाले असतील तर खात्रीसाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. इथे एक इशारा अगदी कळकळीने देते: अशा खोकल्यावर लेव्होफ्लोक्सासिनसारखी गोळी परस्पर घेऊ नये. तिने क्षयाचे जंतू अर्धवट दबतात, चार दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि क्षयाविरुद्धचे एक महत्त्वाचे औषध हातचे जाते.

घशाचे प्रकरण थोडे निराळे आहे. खोकला आणि सर्दी सोबत असेल तर घसेदुखी बहुधा विषाणूची असते. ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी आल्या आहेत, असे चित्र पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात दिसले तर मात्र दुर्लक्ष करू नये. हा स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्याच्यामागून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. त्यावर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिले जाते, तेही बहुधा पूर्ण दहा दिवस.

माझ्या स्वतःच्या घरात झालेली चूक इथेच सांगणे योग्य होईल. माझा मुलगा चार वर्षांचा असताना तापाने फणफणला, आणि दुसऱ्या रात्री धीर सुटून मी दुकानातली अमॉक्सिसिलिनची बाटली आणून त्याला तीन मात्रा दिल्या. तिसऱ्या दिवशी अंगभर लाल पुरळ उठले. ताप विषाणूचा होता आणि तो आपोआप उतरला, पण मुलाच्या कागदावर “पेनिसिलिनची ॲलर्जी” असा शेरा बसला. विषाणूच्या तापात हे औषध दिले की असे पुरळ उठू शकते आणि ते नेहमीच ॲलर्जीचे नसते, हे मी अभ्यासात शिकलेली होते. त्या रात्री आठवले नाही. पुढे आठव्या वर्षी त्याला खराखुरा जिवाणूंचा घसा झाला, तेव्हा सर्वांत साधे, स्वस्त आणि चांगले औषध त्याला देता आले नाही. ती ॲलर्जी नव्हतीच, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यायला आम्हाला आणखी दोन वर्षे लागली.

जुलाब

जुलाबात माणूस संसर्गापेक्षा अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने दगावतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे मोजून केलेले पाणी पाजून असंख्य माणसे वाचवली. जुलाबाची पहिली गोष्ट म्हणून औषधाच्या कप्प्याकडे हात जाण्याऐवजी ओआरएसच्या पुडीकडे जायला हवा.

मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. ती पूर्ण एका लिटरमध्येच विरघळवावी; पेलाभर पाण्यात थोडी थोडी घालून केलेले पाणी खारट होते आणि अपाय करते. सुमारे ४ ग्रॅमच्या लहान पुडीला २०० मिलिलिटर पाणी लागते. केलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. कागदी डब्यातली गोड पेये ओआरएस म्हणून घेऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ते नाव छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजत राहावे. अंगावरचे दूध बंद करू नये. पेज, ताक, वरणाचे पाणी, मऊ भात चालू ठेवावा. सहा महिन्यांवरील मुलाला डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे रोज २० मिलिग्रॅम जस्ताची गोळी १४ दिवस द्यावी; ती जुलाब थांबल्यावरही चालू ठेवायची असते, हे पुष्कळ घरी ठाऊक नसते.

ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी आपल्याकडे जुलाबाचे घरगुती औषध होऊन बसली आहे. तिच्यातला एक घटक जिवाणूंसाठी आहे, दुसरा अमिबासारख्या परजीवींसाठी, आणि बहुतेक जुलाबांत दोहोंचीही गरज नसते. उलट प्रतिजैविकानेच पुष्कळांना जुलाब लागतात. शौचात रक्त पडणे, जोराचा ताप, तांदळाच्या धुवणासारखे सतत पातळ होणे, डोळे खोल जाणे किंवा सहा-आठ तास लघवी न होणे या खुणा दिसल्या, तर ते घरचे दुखणे राहिले नाही असे समजून दवाखान्यात जावे.

पावसाळ्यातला ताप

यात सर्वांत अवघड निर्णय घ्यावे लागतात, कारण महाराष्ट्रात जुलै ते ऑक्टोबर या काळात एकाच गल्लीत डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण असू शकतात. डेंग्यूला प्रतिजैविकाचा उपयोग नाही. त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन टाळावे आणि ताप उतरू लागल्यावरचे एक-दोन दिवस विशेष जपावे, कारण पोटदुखी, सततची उलटी, रक्तस्राव आणि गळून जाणे त्याच सुमारास सुरू होते.

याउलट तुंबलेल्या, दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजारात प्रतिजैविक लवकर मिळणे महत्त्वाचे आहे. म्हणून पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चाललात का, भातखाचरात उभे होतात का, पोटऱ्या फार दुखतात का, डोळे लाल झाले आहेत का, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगावे. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ आली होती. तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो आणि चाव्याच्या जागी काही वेळा काळ्या रंगाची खपली दिसते. ती काखेत किंवा जांघेत असली तर रुग्णालाही कळत नाही, तेव्हा अंग नीट तपासून पाहावे. दोन्ही आजारांवर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध उत्तम चालते.

टायफॉइडविषयी एकच गोष्ट सांगते, पण ती महत्त्वाची आहे. आपल्याकडे तापात रक्ताची विडाल चाचणी करून “टायफॉइड निघाला” असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. एका वेळच्या विडालवर विसंबता येत नाही. पूर्वी कधी टायफॉइड किंवा तत्सम संसर्ग झाला असला तरी ती सकारात्मक येऊ शकते. खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे, आणि ते पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी घेतले तर उपयोगाचे. दुकानातून परस्पर घेतलेल्या दोन गोळ्यांनी ताप बरा होत नाही, पण कल्चरमध्ये जंतू उगवेनासे होतात, आणि मग डॉक्टरांना अंदाजाने, एकावर एक औषधे चालवावी लागतात. तेव्हा ताप तीन दिवसांपुढे गेला तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त द्यायचे का, असे अवश्य विचारावे. लघवीच्या जळजळीतही हाच क्रम पाळावा: आधी कल्चरसाठी नमुना, मग गोळी.

डॉक्टरांसमोर

अनावश्यक प्रतिजैविकाला केवळ डॉक्टर जबाबदार नाहीत. सुई दिली नाही तर डॉक्टर चांगले नाहीत, असे मानणारे आपणच आहोत. रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जाईल या काळजीपोटीही चिठ्ठीवर एक नाव वाढते. म्हणून आपण होऊन म्हणावे, “डॉक्टर, गरज नसेल तर अँटिबायोटिक नको, दोन दिवस वाट पाहायची आमची तयारी आहे. कोणत्या खुणा दिसल्या तर परत येऊ, ते सांगा.” हे वाक्य ऐकून डॉक्टर रागावल्याचे मी ऐकलेले नाही, उलट अनेकांना हायसे वाटते.

प्रतिजैविक लिहून दिलेच, तर त्याचे नाव कोणते, ते कशासाठी, किती दिवस आणि कधी फरक दिसायला हवा, हे विचारावे. जोरकस किंवा हेवी औषध मागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत: पहिल्यांदा वापरायची, जपून वापरायची आणि अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात आहेत. घरोघरी सर्दीसाठी संपवले जाणारे अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या गटात आहेत. महागडे किंवा नवे औषध आपल्या दुखण्यावर अधिक चालतेच असे नाही.

काही दवाखान्यांत सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. लाल, पांढरी, पिवळी, सकाळ-संध्याकाळ. त्या पुडीत प्रतिजैविक आहे की स्टेरॉइड, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि उद्या अंगावर गांध्या उठल्या किंवा मोठ्या रुग्णालयात जावे लागले तर तिथल्या डॉक्टरांनाही कळायला मार्ग नसतो. औषधांची नावे कागदावर मागून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि तो नम्रपणे, पण ठामपणे बजावावा.

आमच्या काउंटरवर

स्ट्रिपच्या कडेने उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही. सरकारने २०१६ पासून या रेघेची मोहीम चालवली आहे. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लेव्होफ्लोक्सासिन यांसारखी औषधे तर १ मार्च २०१४ पासून अधिक कडक सूचीत आहेत. ती देताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती तीन वर्षे सांभाळायची असते. त्यामुळे नाव विचारले तर कृपया चिडू नये.

स्ट्रिप कापून घेताना जपावे. नाव, बॅच आणि मुदतीची तारीख स्ट्रिपच्या एका बाजूलाच छापलेली असते आणि कात्रीने चार गोळ्या तोडल्या की पुष्कळदा तो भाग दुकानातच राहतो. घरी जातो तो नाव नसलेला चंदेरी तुकडा, जो पुढे वर्षभर देवघरासमोरच्या डब्यात पडून असतो. तुकडा घ्यावाच लागला तर बिल घ्यावे आणि ते त्याच तुकड्याला स्टेपल करावे.

औषध घेताना

मुलांचे कोरडे सिरप घरी आणल्यावर बाटली आधी आपटून भुकटी सुटी करावी. मग उकळून पूर्ण थंड केलेले पाणी खुणेच्या थोडे खाली येईल इतके घालावे, जोराने हलवावे, फेस बसू द्यावा आणि नंतर नेमके खुणेपर्यंत पाणी भरावे. फेसालाच पातळी समजून थांबल्यास औषध दाट होते आणि मात्रा चुकते. प्रत्येक वेळी हलवूनच द्यावे. असे सिरप बहुधा सातच दिवस टिकते, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट तर फ्रिजमध्येच ठेवावे लागते. कालवल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहावी.

दिवसातून दोनदा म्हणजे बारा तासांनी, तीनदा म्हणजे साधारण आठ तासांनी. सिप्रोफ्लोक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेतल्यास अंगात नीट शोषले जात नाही, तेव्हा मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत चिकटून व्रण होतो. “गरम पडते” म्हणून मात्रा अर्धी करण्याची सवयही सोडावी. जळजळ, जुलाब किंवा तोंड येणे असा त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करावा. ओठ-चेहरा सुजणे, धाप लागणे किंवा अंगभर गांध्या येणे दिसताच औषध थांबवून थेट रुग्णालयात जावे.

किती दिवस घ्यायचे, हे डॉक्टरांनी सांगितले तितकेच. काही संसर्गांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स दिले जातात, पण दिवस कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनी करायचा असतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून तो आपण करू नये. मोजून घेतले असेल तर सहसा काही उरत नाही. तरीही उरलेच, तर शेजाऱ्याला देऊ नये, पुढच्या आजारासाठी ठेवू नये आणि बेसिनमध्येही ओतू नये. उरलेली किंवा मुदत संपलेली औषधे नेहमीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. ती वेगळ्या पिशवीत बांधून, वर लिहून, घंटागाडीवर स्वतंत्र द्यावीत.

शेवटचे काम त्या वहीचे. मागच्या पानावर घरातल्या प्रत्येकाच्या नावासमोर घेतलेल्या प्रतिजैविकाचे नाव, महिना, कशासाठी घेतले आणि काही त्रास झाला का, एवढी एक ओळ लिहून ठेवावी आणि दवाखान्यात जाताना वही पिशवीत टाकावी. गेल्या तीन महिन्यांत घेतलेले प्रतिजैविक कोणते, हे डॉक्टरांना कळले तर ते यावेळी दुसरे निवडू शकतात.